बापाचं नाव, आजोबाचं नाव, चिप नंबर

दर भाद्रपदात पक्षाच्या दिवशी गुरुजी समोर बसले की आमच्या घरात एक अवघड क्षण येतो. वडिलांचं नाव खणखणीत सांगितलं जातं. आजोबांचंही. पणजोबांपाशी आवाज जरा खाली येतो आणि आईकडच्या पणज्यांपाशी सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागतात. कोणीतरी "तात्यांना माहीत होतं" म्हणतं. पण आता पिंड तात्यांनाच द्यायचा असतो. गुरुजी मुरलेले. ते घसा खाकरून पुढच्या मंत्राला लागतात.

याउलट आमच्या साडूंचं लॅब्राडोर. वय वर्षे शून्य, महिने पाच. सोफ्याचा एक पाय निम्मा खाऊन झालेला, हाक मारली तर येईलच अशी खात्री नाही. पण बाप, आई, दोन आजे, दोन आज्या, चार पणजे आणि चार पणज्या असे चौदा पूर्वज नावानिशी एका कागदावर छापून तयार. त्यांतल्या पाच जणांच्या नावाआधी 'चॅम्पियन' ही पदवी. आमच्या चौदा जणांत, म्हणजे जेवढे आठवतात तेवढ्यांत, एक व्हर्नाक्युलर फायनल पास.

हा कागद घरात आला तो साडूंच्या स्वभावामुळे. साडू बँकेत कर्जविभागात होते आणि निवृत्त होऊनही त्यांच्यातला कर्जविभाग निवृत्त झालेला नाही. मूळ प्रत पाहिल्याशिवाय ते हॉटेलच्या मेनूकार्डावरही विश्वास ठेवत नाहीत. त्यामुळे मुलगा परदेशी गेल्यावर मेव्हणीने "घरात एक कुत्रं आणू या" म्हटलं तेव्हा साडूंचा पहिला प्रश्न "कोणतं?" हा नव्हता. "कागदपत्रं काय काय लागतात?" हा होता.

कोणतं आणायचं हे ठरवायला सोसायटी होतीच. आपल्याकडे कुत्र्याची जात माणूस निवडत नाही, पडदा निवडतो. १९९४ साली 'हम आपके हैं कौन'मधल्या टफीने क्रिकेटच्या मॅचची अंपायरिंग केली आणि गल्लोगल्ली पांढरी झुबकेदार कुत्री आली. त्या सगळ्यांना लोक आजतागायत सरसकट पॉमेरियन म्हणतात, आणि त्यांतली बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. मग मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका पोराच्या मागे मागे चालला, तेव्हापासून पगाला 'हचवाला कुत्रा' हे नाव चिकटलं. कंपनीचं नाव बदललं, कुत्र्याचं राहिलं. मग परदेशी मालिकांमधले लांडगे बघून लोकांनी हस्की आणले. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढायला घडवलेला हा प्राणी नागपूरच्या मे महिन्यात कुलरसमोर चारी पाय पसरून पडलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा भाव बदलीच्या ठिकाणी रुजू झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याचा होता. या सगळ्यांत लॅब्राडोर बिचारं मध्यममार्गी. खातं, झोपतं, चोर आला तर त्याच्याकडूनही लाड करून घेतं. साडूंनी लॅब्राडोर मंजूर केलं.

पिल्लांच्या बाजाराची भाषा शिकायला साडूंना फार वेळ लागला नाही. फोनवर येणाऱ्या जाहिरातीत प्रत्येक पिल्लू 'हेवी बोन' असतं, प्रत्येकाचं डोकं 'बिग हेड' असतं आणि प्रत्येक जण 'शो क्वालिटी'. ज्यात काहीच धड नाही ते 'पेट क्वालिटी', म्हणजे घरात पाळायला बरं. आपण कुत्रं घरात पाळण्यासाठीच घेतो, हे कोणाच्या लक्षात येत नाही. 'चॅम्पियन ब्लडलाइन' म्हणजे वंशात कुठेतरी कोणीतरी एकदा प्रदर्शनात पट्टा गळ्यात घालून नीट उभं राहिलं होतं. 'इम्पोर्ट लाइन' म्हणजे आजा विमानाने आला होता.

पहिल्या विक्रेत्याशी साडूंचं बोलणं स्पीकरवर झालं, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांना ऐकता आलं.

"साहेब, पेपरवालं पाहिजे का विदाउट पेपर?"

"फरक काय?"

"कुत्रा सेमच आहे साहेब. फक्त रेट वेगळा."

"कुत्रा सेम असेल तर रेट वेगळा का?"

"पेपरचा खर्च असतो ना साहेब."

इथे साडूंनी पेन काढलं. केनेल क्लबाकडे नोंदणी करायला फी पडते हे खरं; पण दोन दरांमधला फरक त्या फीच्या कितीतरी पट होता. आणि मुख्य म्हणजे, आईबाप दोघंही नोंदलेले असतील तर नोंद सबंध विणीची एकदम होते. एकाच विणीतलं एक पिल्लू कागदाचं आणि दुसरं बिनकागदाचं, हे कसं? असं ऐकू आलं की समजावं, आईबापांपैकी एकाचा तरी पत्ता नाही, किंवा दोघांचा आहे पण सांगण्यासारखा नाही. साडूंनी हे त्या माणसाला सभ्य शब्दांत विचारलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही एकदा येऊन पिल्लू बघा, मग पेपर विसरून जाल." हे मात्र तो खरं बोलला. पिल्लाने डोळे वर करून बघितलं की भले भले कागद विसरतात, आणि सगळा धंदा या एका नजरेवर चालतो.

गेलो. मेव्हणी ताबडतोब विसरली. साडू विसरले नाहीत. त्यांनी फाइल मागितली. प्लास्टिकच्या फोल्डरमधून एकेक वस्तू बाहेर आली. लसीकरणाचं कार्ड, त्यावर औषधाच्या बाटलीचं लेबल अर्धवट चिकटवलेलं. एका करंडकाचा फोटो, करंडकाशेजारी कुत्रा नव्हताच. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं बिल. आणि सगळ्यांत वर लॅमिनेट केलेली, छान चकचकीत रंगीत प्रत: केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र.

साडूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्रत डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. कर्जविभागात ते खोट्या सह्या याच अंतरावरून पकडत असत.

"यात जन्मतारीख सात वर्षांपूर्वीची आहे," ते म्हणाले. "हे पिल्लू सात वर्षांचं आहे का?"

"तो बाप आहे साहेब."

"मग मुलाचा कागद कुठंय?"

"बापाचा आहे म्हणजे मुलाचा येणारच ना साहेब. प्रोसेसमध्ये आहे."

'प्रोसेसमध्ये आहे' या शब्दांवर साडूंनी नोकरीची उमेदीची वर्षं काढली होती. त्यांनी प्रत शांतपणे परत दिली. बापाच्या प्रमाणपत्रावरून एवढंच सिद्ध होतं की एक बाप आहे. तो याचा आहे, हे कुठे सिद्ध होतं? आणि ती तर प्रमाणपत्राची प्रतच होती. एका नामांकित बापाच्या प्रती गावातल्या किती फोल्डरांमध्ये असतील, हे त्या बापालाही सांगता यायचं नाही.

आईला भेटता येईल का, असं मेव्हणीने विचारलं. आई फार्मवर होती. फार्म कुठे आहे? लांब आहे. या धंद्यात आया नेहमी लांब असतात.

आता हा कागद तयार कसा होतो ते सांगायला हवं, कारण तो कागद दाखवणाऱ्या बऱ्याच जणांनाही ते नीट ठाऊक नसतं. केनेल क्लब ऑफ इंडिया म्हणजे केसीआय, कचेरी चेन्नईला. नर आणि मादी दोघांची आधी नोंद असावी लागते. वीण झाली की मादीचा मालक अर्ज भरतो, नराचा मालक 'हो, मेटिंग माझ्याच कुत्र्याशी झालं' म्हणून सही करतो, पिल्लांना मायक्रोचिप बसते आणि मग एकेका पिल्लाचं नाव, लिंग, रंग, जन्मतारीख, चिपचा नंबर आणि तीन पिढ्यांची वंशावळ असं प्रमाणपत्र निघतं. चेन्नईहून कोणी येऊन खाटेपाशी बसत नाही. लेखी दिलं तेच वहीत चढतं, आणि वही तेवढीच खरी जेवढी सही खरी. ही पंचाईत फक्त आपलीच आहे असंही नाही. अमेरिकन केनेल क्लबने २००० सालापासून ज्या नरांचा फार वापर होतो त्यांचा डीएनए नोंदवणं सक्तीचं केलं. सह्यांवर त्यांचाही सगळा भार टाकवेना.

खरं तर ही वही उघडली तीच घोळ निस्तरण्यासाठी. कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन १८५९ च्या जूनमध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं. फक्त पॉइंटर आणि सेटर या दोन शिकारी जाती, एकूण साठ कुत्रे. पॉइंटरांचं बक्षीस मिळालं सेटर तपासणाऱ्या एका परीक्षकाच्या कुत्र्याला, आणि सेटरांचं बक्षीस पॉइंटर तपासणाऱ्या एका परीक्षकाच्या. आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धा नंतर सुरू झाल्या, हे लक्षात घ्यावं. मग १८७३ साली लंडनला केनेल क्लब निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याची पहिली नोंदवही छापून झाली, चार हजारांवर कुत्र्यांची. पण एकाच नावाचे कुत्रे इतके, की बक्षीस नेमकं कोणाच्या बाबाला लागलं ते कळेना. म्हणून १८८० मध्ये रीत आली की नाव आधी नोंदवायचं, आणि ते पुन्हा दुसऱ्याला द्यायचं नाही. ही रीत महाराष्ट्रात आली असती तर एक मोत्या आणि एक टायगर सोडून बाकी सगळा महाराष्ट्र बिननावाचा भुंकत राहिला असता.

कागदावरच्या कुत्र्यांची नावं अशी लांबलचक आणि संस्थानिकांसारखी का असतात, ते इथे कळतं. साध्यासुध्या नावांवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं. मग केनेलचं नाव मागेपुढे लावून मधे काहीतरी भव्य घालायचं. साडूंकडच्या पिल्लाचं कागदावरचं नाव 'रॉयल थंडरबोल्ट' आणि त्यापुढे केनेलचं आडनाव. घरात ते बटाट्या. हा रॉयल थंडरबोल्ट कुकरची तिसरी शिट्टी झाली की पलंगाखाली जातो आणि भात वाढल्यावर बाहेर येतो.

कागदी नावाची परंपरा थोर आहे, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. जर्मनीत १८९९ च्या एप्रिलमध्ये माक्स फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने एका प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पाहिला आणि तिथल्या तिथे विकत घेतला. त्याचं नाव हेक्टर होतं. साहेबांनी ते बदलून होरांड फॉन ग्राफ्राट केलं, त्याच्यासाठी संघ काढला आणि संघाच्या वहीत त्याला पहिला क्रमांक दिला. आज आपण ज्याला अल्सेशियन म्हणतो त्या सगळ्या जर्मन शेफर्डांच्या नोंदी तिथून सुरू होतात. म्हणजे सबंध जातीच्या मूळपुरुषाचंसुद्धा कागदावर एक आणि आधीच्या घरी एक, असं चाललेलं होतं.

याहून मला आवडते ती गोल्डन रिट्रीव्हरची कथा. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या एका धनिकाने १८६५ साली ब्रायटनला एका चांभाराकडून एक पिवळा कुत्रा घेतला. नाव नूस. चांभाराकडे तो आला होता बुडीत उधारीच्या बदल्यात. बाकी सगळी वीण काळी, हा एकटाच पिवळा. वीणही कुठे नोंदलेली नाही. या नूसला स्कॉटलंडला नेऊन १८६८ मध्ये बेल नावाच्या मादीशी जुळवलं, आणि तिथून साहेबांनी पुढची वीसेक वर्षं प्रत्येक विणीची नोंद स्वतःच्या वहीत ठेवली. ती वही कोणी उघडून न बघितल्यामुळे मधल्या काळात जगभर पसरलं की हे कुत्रे रशियन सर्कशीतून आले. सर्कशीतले म्हटलं की गोष्ट कशी रंगते. शेवटी १९५२ साली वही लोकांसमोर आली आणि सर्कस बंद झाली. आता ज्या गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू 'विदाउट पेपर' म्हणून लोक नाक मुरडून नाकारतात, त्याचा मूळपुरुष स्वतः विदाउट पेपर होता, उधारीत मिळालेला. साडूंना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "उधारी वसूल झाल्याची पावती तरी होती का?"

दुसरी विक्रेती एक बाई होत्या, साताऱ्याच्या रस्त्याला. यांच्याकडे आई समोर होती, दारातच आडवी, अंगावरून पिल्लं चाललेली, आणि चेहऱ्यावर 'घेऊन जा एखादं' असा भाव. प्रमाणपत्रं मूळ. बाईंनीच साडूंना विचारलं, "घरात लिफ्ट आहे का? फरशी गुळगुळीत आहे का? दिवसभर कोण असतं?" कर्ज मागायला आलेल्यांना साडू जे विचारायचे तेच आता त्यांना कोणी विचारत होतं. त्यांना बाई फार आवडल्या.

वंशावळ वाचायला आम्ही तिथे शिकलो. कागदाच्या डावीकडे पिल्लू, वरच्या निम्म्यात बापाचा गोतावळा, खालच्या निम्म्यात आईचा. हौशी माणूस त्यात चॅम्पियन किती ते मोजतो. ते मोजायचं नाही. वरच्या निम्म्यातलं एखादं नाव खालच्या निम्म्यात पुन्हा येतं का, ते बघायचं. साडूंचं बोट सवयीने फिरत गेलं आणि थांबलं. बापाचा बाप म्हणून जे नाव होतं तेच आईच्या आईचा बाप म्हणूनही होतं.

"बाई," साडू दबक्या आवाजात म्हणाले, "हे सपिंड आहे."

हिंदू विवाह कायदा, १९५५. बापाकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन पिढ्या यांच्या आत लग्न नको, समाजात तशी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. रूढी आहेच, मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात कित्येक समाजांत चालतं. पण कुत्र्यांच्या बाबतीत रूढी एवढी दांडगी की कायदा घाबरून बाहेरच उभा. बाईंनी हिशेब करून दाखवला. हा एक आजा दोन्हीकडे आल्याने पिल्लाच्या रक्तातली जवळीक सव्वासहा टक्के. म्हणजे माणसांत सख्ख्या मामेबहिणीशी लग्न झाल्यावर होणाऱ्या मुलाइतकी. सावत्र भावाबहिणींची वीण असेल तर साडेबारा टक्के. सख्ख्यांची असेल तर पंचवीस. याला ब्रीडर लोक लाइन ब्रीडिंग म्हणतात, आणि ते मुद्दाम करतात: चांगलं डोकं, चांगली छाती असलेला एखादा नर मिळाला की त्याचं रक्त दोन्ही बाजूंनी आणायचं. डोकं येतं, छाती येते, आणि आजोबांनी लपवून ठेवलेले रोगही दोन्ही बाजूंनी येतात.

इंग्रजांनी याची हद्द केली. २००८ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी नोंदवह्या तपासल्या तेव्हा ब्रिटनमधले सुमारे दहा हजार पग आनुवंशिकदृष्ट्या जेमतेम पन्नास वेगवेगळ्या कुत्र्यांच्या बरोबरीचे निघाले. त्याच वर्षी बीबीसीने यावर माहितीपट दाखवला, 'पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड'. एवढा गहजब झाला की पुढच्या वर्षी केनेल क्लबला बाप-लेक, माय-लेक आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंद बंद करावी लागली. याचा अर्थ तोवर होत होती. सव्वाशे वर्षं सोवळ्यात वही सांभाळली आणि आत हे.

आणि तीन पिढ्यांच्या पलीकडे कागद आंधळाच. पणज्याचा पणजा दोन्हीकडे एकच असला तर इथे दिसणार नाही. शिवाय आणखी काय काय दिसत नाही ते बघा. लॅब्राडोरांचा सगळा जीव खुब्याच्या सांध्यात. तो खिळखिळा निघाला तर कुत्रं तारुण्यातच लंगडतं. त्याचा एक्स-रे निघतो, आईबापांचा काढून ठेवतातही, पण वंशावळीच्या कागदात तो रकाना नाही. स्वभावाचा रकाना नाही. कुकरच्या शिट्टीचा तर नाहीच. बाईंनी न मागता आईचा एक्स-रे काढून उजेडात धरला. साडूंना त्यातलं काही कळलं नाही, पण कोणीतरी आपणहून कागद दाखवतंय याने त्यांचे डोळे पाणावले.

मायक्रोचिपविषयी साडूंचा आधी जरा गैरसमज होता. ती बसवली की कुत्रं कुठे गेलं ते मोबाइलवर दिसतं, अशी त्यांची कल्पना. त्यांना ती मेव्हण्यालाही बसवायची होती. तांदळाच्या दाण्याएवढी ती काचेची नळी, मानेमागे कातडीखाली. बॅटरी नाही, काही नाही. वरून यंत्र फिरवलं तरच पंधरा आकडी नंबर सांगते, नाहीतर जन्मभर गप्प. पण कागद आणि कुत्रं यांची गाठ घालणारी वस्तू ही एवढीच. चौदा पूर्वज बाजूला ठेवा. यंत्रावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर आकडा न् आकडा जुळला तरच तो कागद या पिल्लाचा. पिल्लू ताब्यात घेण्याआधी हे करायचं असतं, आणि बहुतेक लोक तेव्हा पिल्लाचे फोटो काढत असतात. साडूंनी नंबर मोठ्याने वाचला, बाईंनी टिकमार्क केला, मग अदलाबदल करून पुन्हा एकदा. मेव्हणी पिल्लाला घेऊन गाडीत जाऊन बसली होती.

केंद्र सरकारने २०१७ साली कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियमच काढले आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करायची. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. चिप बसवायची. बाजारात मात्र पस्तीस दिवसांचं पिल्लू सगळ्यांत जास्त खपतं, कारण तेव्हा ते हातात मावतं. आई आणि भावंडांशी मारामारी करून दात किती जोरात लावायचे हे ते पुढच्या तीन आठवड्यांत शिकणार असतं. ते शिक्षण मग तुमच्या मनगटावर होतं. साडूंनी आठ आठवडे पुरे होण्याची वाट पाहिली आणि बटाट्या तरीही मनगटावर शिकला. शिकवणीचा काही भाग राहून गेला असणार.

कागदाच्या या सगळ्या थाटामाटात एक गोष्ट फार मजेची वाटते. आपल्याकडचा खरा खानदानी कुत्रा, विजापूर-सोलापूर पट्ट्यातला, पातळ पोटाचा, लांब तोंडाचा, सशाच्या मागे वाऱ्यासारखा पळणारा, त्याचा कागद काढायला गेलात तर केसीआयच्या वहीत तो 'कारवान हाउंड' आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत तोच 'मुधोळ हाउंड'. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली. २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत हा होता. कुत्र्याला याचा पत्ता नाही. तो दोन्ही नावांनी हाक मारली तरी येत नाही, कारण घरी त्याचं नाव राजा असतं. सांगोल्याकडे एका वस्तीवर असा एक पाहिला. मालकाला विचारलं, कागद आहे का? ते म्हणाले, "कशाला? ह्याची आय त्या तिकडं बसलीय. तिची आय धाकट्याच्या मेंढरामागं असती. तिचा बा आमच्या सासऱ्याकडचा, एका डोळ्यानं अधू, पर ससा सोडत नव्हता." असे ते चार पिढ्या मागे गेले, प्रत्येकाच्या खोडीसकट. डोळ्याने अधू होता, हे कुठल्या क्लबाच्या कागदावर लिहितात?

साडूंच्या प्रकरणात शेवटची पायरी राहिली होती ती मालकी-बदलाची. प्रमाणपत्र आधी पैदास करणाऱ्याच्या नावावर असतं. विकणाऱ्याने अर्जावर सही केल्याशिवाय ते घेणाऱ्याच्या नावावर होत नाही. ही सही पैसे देतानाच घ्यायची. नंतर विकणाऱ्याचा फोन लागत नाही, आणि कागदोपत्री तुम्ही जन्मभर दुसऱ्याचं कुत्रं फिरवत राहता. साडूंनी ती जागच्या जागी घेतली. अर्ज भरायला बाईंनी ओळखपत्र मागितलं. साडूंचं आधार कार्ड घरी, लॅमिनेट करून कपाटाच्या आतल्या कप्प्यात, मूळ प्रत जपून ठेवलेली. मेव्हणीचं पर्समध्ये, दुमडलेलं. काम अडायला नको म्हणून तिचंच दिलं.

प्रमाणपत्र आलं ते काही आठवड्यांनी, टपालाने. साडूंनी कडा न फाडता पाकीट उघडलं, नंबर पडताळला, चौदा नावं वाचून काढली, सपिंड आजोबांवर पेन्सिलीने बारीक खूण केली आणि मग खाली 'मालक' या रकान्यापाशी बराच वेळ थांबले.

"अहो," मेव्हणी आतून म्हणाली, "साडेसहा झाले. माझ्या कुत्र्याला खाली घेऊन जा बरं. आणि पिशवी न्या, मागच्या वेळेस शेजारचे देशपांडे बोलले मला."